लंगडोबाचा डावा बूट

सतरा मैल, दक्षिण ऑस्ट्रेलिया
सोमवार, १५ जुलै

प्रिय नेना,

पाकिटावरचं माझं वेडंवाकडं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फाडलं असशील, म्हणून आधी हेच लिहितो की इथं सगळे धडधाकट आहेत. तुझी आई ठणठणीत आहे. तुझ्या वासो काकूचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती स्वतः जास्त कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. मी परवा पिकअपचं चाक एकट्यानं बदललं आणि मग दोन दिवस कंबर धरून बसलो. तुला सात वेळा फोन लावला. सातही वेळा तुझ्या फोनातल्या त्या बाईनं निरोप ठेवायला सांगितलं. मला तिच्याशी बोलायला जमत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं, आणि भिंतींशी मी खाणीत चाळीस वर्षं बोललो, तेवढं पुरे. शेवटी वासोच्या शिवणाच्या टेबलावरचा पसारा बाजूला सारला आणि लिहायला बसलो. मर्लची टपालगाडी उद्या सकाळी निघते. एरवी चिप्सच्या तेलाच्या हातानं ती पाकिटं हाताळते, पण या पाकिटासाठी हात धुवायचं कबूल केलंय.

एवढी घाई कशाला, तर गुरुवारी तुझी आई आली होती. देसांका कधी दार वाजवल्याशिवाय आत येत नाही, पण त्या दिवशी पिठाच्या हातांनी सरळ पायऱ्या उतरून जमिनीखालच्या आमच्या स्वयंपाकघरात आली आणि उभ्यानंच म्हणाली, “मानोली, पोरगी त्या सिनेमाच्या नवव्या भागावर सही करतेय. एकतीस तारखेला. आणि तिची स्वतःची जी गोष्ट होती ना, ती कपाटात टाकली म्हणे. मी विचारलं का गं, तर म्हणाली, घरच्या माणसांनीसुद्धा हॉर्न वाजवला नाही आई, म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. दुसऱ्याचं गिरवता येतं, तर गिरवत बसते.” एवढं बोलून ती पाणीसुद्धा न पिता गेली. तिनं मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. कुणाला सांगणार ती? गावात तुझ्या बापाचा खाणीतला भागीदार मी एकटाच उरलोय.

नेना, नववा कर, नको करू, तो तुझा धंदा आहे, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण ज्या कारणासाठी तू सही करते आहेस ते कारण खोटं आहे. आणि ते खोटं तुझ्यापर्यंत माझ्यामुळे पोचलं. ते निस्तरल्याशिवाय मला कॉफी गोड लागत नाही.

तर त्या शनिवारचं. एक जून. बेचाळीस गाड्या आल्या होत्या. मर्लनं मोजल्या, कारण बटाटे किती सोलायचे ते ती गाड्यांवरूनच ठरवते. पाचव्या भागालासुद्धा एवढी गर्दी नव्हती. माणसं थडग्यातून उठून आल्यासारखी आली, ज्यांनी दहा वर्षांत गाडीत बसून सिनेमा बघायच्या आपल्या ड्राइव्ह-इनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं ती. आपली नेवेना, रादोमीरची नेवेना, जिनं चौऱ्याऐंशी साली इथंच झालेल्या पहिल्या भागाच्या शूटिंगच्या वेळी वासोच्या ताडपत्रीच्या ढिगाऱ्यात झोपा काढल्या, तिनं ‘खालून’चा आठवा भाग केलाय, आणि तो शहराआधी आपल्या गावात दाखवणार! तू आईच्या गाडीत दुसऱ्या रांगेत होतीस. आम्ही नेहमीसारखे शेवटी, कुंपणाला लागून. साडेसहाला अंधार पडला, पडदा उजळला, आणि तुझं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं. रादो असता तर गाडीच्या टपावर चढला असता आणि टप चेपून खाली उतरला असता.

मग गोष्ट सुरू झाली, आणि ती मला पाठ होती. तोच लाल दिवा, तीच दोन मजल्यांच्या मध्ये अडकणारी लिफ्ट, तीच वही विसरली म्हणून मागे फिरणारी डॉक्टरीणबाई. ‘दार लाव, मागे बघू नकोस’ हे वाक्य तर त्याच जागी, त्याच दमात. पहिल्या भागात ते ऐकून वासोनं माझ्या दंडावर नखं रोवली होती, अजून वण आहे. या वेळी तिनं वाक्य नटाच्या आधी म्हटलं आणि बिस्कीट तोडलं. आणि ती माशी! चौऱ्याऐंशीत इथं माश्यांचा एवढा सुळसुळाट होता की कप्तानाचं काम करणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या नाकावर एक बसली आणि वाक्य संपेपर्यंत तो हलला नाही. दुसऱ्यांदा शूट करायला फिल्म नव्हती, म्हणून ती राहिली. आता तुमच्या संगणकवाल्यांनी मुद्दाम बसून एक माशी तयार केली आणि कप्तानाच्या नाकावर ठेवली. चहूबाजूंनी बंद यान, पृथ्वीपासून कोट्यवधी मैल दूर, तिथं माशी आली कुठून? वासो म्हणाली, “गोल्ड कोस्टच्या स्टुडिओत माश्या मिळत नसतील बाई. आपल्याला सांगितलं असतं तर पोतंभर पाठवल्या असत्या.” मर्ल चिप्स घेऊन आली आणि खिडकीतून विचारते, “मानोली, हा मी आधी पाहिलाय का रे?” म्हटलं, “सात वेळा.” तर म्हणाली, “तरीच मला भीती वाटेना.”

हे तुला टोचेल, ठाऊक आहे. पण तू लहानपणापासून कडू औषध नाक न दाबता प्यायचीस.

मध्येच माझा हॉर्न वाजला, तेव्हा तू खिडकीतून डोकं काढून मागे बघितलंस. मर्ल तिच्या टपरीतून ओरडली, “म्हातारा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला वाटतं!” आणि सगळं मैदान हसलं. मीही हसलो. ती हसण्यातली चूक मला आता दीड महिना पुरली आहे.

आणि मग शेवट. नावं वर सरकू लागली. आपली रीत तुला काय सांगायची, पहिला हॉर्न माझा, मग सगळ्यांचे. चाळीस वर्षं ते असंच चाललंय, कारण पहिल्या भागातल्या त्या जनावराच्या आत मी होतो. जगात लोक त्याला काहीही म्हणोत, गावात तो लंगडोबा, आणि लंगडोबा म्हणजे मी. सात भाग आले. काही बरे होते, काही फेकून द्यावेत असे, पाचव्यात तर त्याला पंख फुटले होते. तरी सातही वेळा मी हॉर्न वाजवला, कारण ते परक्यांनी केलेले होते आणि परक्यांशी माणूस गोडच बोलतो. तुझ्या वेळी माझा पंजा हॉर्नवर ठेवलेला होता. बेचाळीस गाड्या थांबल्या होत्या. वासोनं कोपरानं ढोसलं, “वाजव की रे म्हाताऱ्या, पोरगी ऐकतेय!” मी नाही वाजवला. मग एकेक इंजिन सुरू झालं, दिवे लागले, आणि गाड्या मान खाली घालून फाटकातून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीचे तीन कप मांडून बसलो होतो. तुझी गाडी आमच्या दारावरून गेली. वर येईपर्यंत मला फक्त धूळ दिसली.

का नाही वाजवला, हे तुला ठाऊक आहे. निदान आठवलं तरी पाहिजे. तू नऊ वर्षांची होतीस. मास्तरांचा जुना कॅमेरा मागून आणून तू एक सिनेमा केला होतास, त्यात एक मांजर होती आणि खाणीतलं एक यंत्र तिच्या मागे लागतं असं काहीतरी होतं. मोठ्या सिनेमाच्या आधी पहिल्या रांगेपुढे चादर बांधून आपण तो दाखवला. आठ मिनिटं. त्यातली सहा मिनिटं नुसता काळोख, कारण तू कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण काढायला विसरली होतीस. मी हॉर्न वाजवला आणि सगळ्या गाड्यांनी मिळून असा गोंगाट केला की कुत्री पळून गेली. तू फणकाऱ्यानं माझ्या खिडकीशी आलीस, नाक लाल. “काका, तुम्हाला काही दिसलं तरी का?” मी म्हटलं, “नाही बाळा, काहीच नाही.” “मग वाजवलात का?” “तू आमची आहेस म्हणून.” त्यावर तू म्हणालीस, “मग खरंच चांगलं झालं की मला कळणार कसं?”

मी शाळेत चार इयत्ता शिकलो आणि त्याही मी जन्मलो त्या बेटावर, जिथं मास्तर निम्मा वेळ मासे पकडायचे. बाकीचं सगळं मी सिनेमाच्या पाट्या वाचून शिकलो. पण एवढा मोठा प्रश्न मला कुठल्या पाटीवर वाचायला मिळाला नव्हता. तू माझा हात धरून वचन घेतलंस की तुझ्यासाठी मी कधी खोटा हॉर्न वाजवणार नाही. रादो शेजारी उभा राहून मिशीत हसत होता. म्हणाला, “दिलंस ना वचन? आता भोग.” भोगतोय बघ, तेहेतीस वर्षांनी.

गेल्या आठवड्यात इथं जोराचा वारा सुटला होता. ड्राइव्ह-इनच्या पडद्याचे दोन पत्रे उडाले. एक बेकरीमागे सापडला, दुसरा बहुधा तुझ्याकडे सिडनीला येईल, आला तर ठेवून घे. पडदा मधोमध दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. बायकांनी वर्गणीऐवजी रंगाचे डबे गोळा केलेत, आणि ऑक्टोबरच्या आत तो उभा करायचाच असं तुझ्या आईनं सगळ्यांना दमात घेतलंय. ती स्वतः शिडीवर चढणार म्हणते. साठी उलटलेल्या बायकांना हल्ली झालंय काय, देव जाणे.

आता एक गुपित सांगतो. वासो आणि माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही, आणि वासोनं आत्ताच शिवणयंत्रापाशी बसल्या बसल्या परवानगी दिली आहे. म्हणाली, “सांग एकदाचं. नाहीतरी तुझं नटपण आता कोण विचारतंय?”

लंगडोबा का लंगडतो, यावर लोकांनी किती लिहिलं. मासिकांतून लेख आले. एकदा कुठल्याशा परदेशी विद्यापीठातून एका मुलीचं पत्र आलं होतं की तुम्ही ती चाल कशी शोधलीत. तू स्वतःच मागे म्हणाली होतीस की तुझ्या माणसांनी पहिल्या भागातलं ते लंगडणं अंशाअंशानं मोजलं, तीन महिने घालवले, आणि मग ते संगणकात घातलं. नेना, त्याला तीन महिने लागायची गरज नव्हती. चुकीचा बूट लागतो फक्त.

सिनेमावाल्यांनी शहरातून रबराचा पोशाख आणला होता. तो ट्रकमध्ये इथल्या उन्हात वितळून गुळाच्या ढेपेसारखा एक गोळा झाला. मग कुणीतरी सांगितलं की खाणीत हवा सोडायच्या ताडपत्रीच्या नळ्या शिवणारी एक बाई आहे. वासोनं चार दिवसांत नवा पोशाख शिवला, ताडपत्री, पाण्याचा पाइप आणि जुनं चामडं घेऊन. पायांसाठी खरे बूट आत घालून डिंकानं पक्के करायचे होते. तिनं दाराबाहेरच्या ढिगातून एक जोड उचलला आणि चिकटवून टाकला. आपल्या घराबाहेर तेव्हा दोघांचे बूट असायचे, माझे आणि रादोचे, एकाच दुकानातले, एकाच तांबड्या धुळीनं माखलेले. उजवा माझा होता. डावा तुझ्या बापाचा. माझा पाय दहा नंबरचा आणि रादोचा सात! मी तो पोशाख घातला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. काढायला जावं तर डिंक वाळलेला. तेवढ्यात दिग्दर्शकानं मला चालायला सांगितलं. मी चार पावलं टाकली आणि त्या माणसानं टाळ्या वाजवल्या. म्हणाला, असं चालणं त्यानं जन्मात पाहिलं नाही, या जनावराला कधीतरी, कुणीतरी दुखावलंय, म्हणून ते वर आलंय. मी मान डोलावली. म्हटलं, “हो, पुष्कळ विचार करून ठरवलं मी ते.” बावीस दिवस मी त्या बुटात रडत चाललो. आणि बावीस दिवस रादो माझ्या डाव्या बुटात वर्तमानपत्र कोंबून खाणीत उतरला, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हता. एका शब्दानं कुरकुरला नाही. फक्त रोज संध्याकाळी विचारायचा, “काय रे राक्षसा, माझा बूट कसा आहे?”

म्हणजे सगळं जग ज्याला चाळीस वर्षं घाबरलं, तो तुझ्या बापाचा डावा बूट होता. तुमच्या आठव्या भागात लंगडणं अगदी हुबेहूब आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण त्या पायात बूट नाही. त्याला काही चावतच नाही. म्हणून मर्लला भीती वाटली नाही, आणि म्हणून माझा हात हॉर्नवर असून दाबला गेला नाही. तुझ्या हातात कसब नाही असं मी कुठं म्हणतो? कसब दुप्पट आहे. तू फक्त दुसऱ्याच्या पायाची चाल मोजत बसलीस, आणि तुझ्या घरात कुणाचा बूट होता हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ती चूक आमची. एका नटाच्या खोट्या मोठेपणासाठी आम्ही दोघं गप्प बसलो.

रादोचा विषय निघालाच आहे तर लिहितो. परवा तुमच्या जुन्या खाणीवरून गेलो होतो. शाफ्टवर, त्या उभ्या विहिरीवर, मी टाकलेले पत्रे अजून जागच्या जागी आहेत, त्या वाऱ्यातसुद्धा हलले नाहीत. तो लोखंडी पाइपही तसाच उभा आहे, वरून खाली गेलेला. दुपारी तीनला तुझी आई दोरीला कॉफीचा डबा बांधायची आणि खाली सोडण्याआधी चमच्यानं पाइपवर ठोकायची, तीनदा. खालून रादो हातोडीनं दोनदा ठोकायचा. मग डबा जायचा. मी त्याच्या शेजारी खणत असायचो. कितीही कामात असला तरी ते तीन ठोके ऐकले की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू पहिल्यांदाच कुणी त्याला हाक मारली. मी चिडवायचो, “अरे, बायको आहे ती, तार नाही आली.” तो म्हणायचा, “तुला ऐकू येत नाही मानोली, ती काय म्हणते ते.” त्या मार्चमध्ये त्याचं हृदय खालीच थांबलं आणि मी त्याला दोरानं वर आणला, तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुम्ही दोघी बोलत नव्हतात, म्हणून मीही नाही.

वासो म्हणते आहे की दिवा कमी झाला, उरलेलं सकाळी लिही. पण सकाळी मर्ल दारात भोंगा वाजवत उभी राहील. आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहायची वेळ आली आहे, ते टाळून झोप लागणार नाही.

तुझ्या सिनेमात चार मिनिटं आहेत. यानातली ती म्हातारी स्वयंपाकीण, जिची माणसं खाली खाणीत उतरली आणि परत आली नाहीत. ती दोरीला डबा बांधते, चमच्यानं नळीवर तीनदा ठोकते आणि थांबते. गाणं नाही, बाजा नाही, कॅमेरा हलत नाही. खाली कुणी जिवंत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. आणि तरी खालून दोन ठोके येतात. ती हसते आणि डबा खाली सोडते. नेना, माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला. असं मला कुठल्याच भागात झालं नव्हतं, स्वतःच्यासुद्धा नाही. कारण ते कुठून आलंय ते मी पाहिलंय. तुला वाटतं ते कुणालाच ठाऊक नाही. रादो गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी, चर्चमधली त्याच्यासाठीची प्रार्थना आटोपून सगळे घरी गेल्यावर, मी शाफ्ट झाकायला पत्रे घेऊन निघालो होतो. मुरमाच्या ढिगाआड पोचलो तर तुझी आई शाफ्टपाशी बसलेली दिसली. डबा दोरीला बांधलेला. तिनं पाइपवर तीनदा ठोकलं आणि कान देऊन थांबली. तू तिच्या पाठीमागे शाळेच्या कपड्यांत उभी होतीस. तू खाली वाकून एक दगड उचललास, पाइपच्या पलीकडच्या बाजूला गेलीस आणि दोनदा ठोकलंस. तिनं वळून बघितलं नाही. तिनं डबा खाली सोडला. मी पत्रे तसेच घरी नेले, वासोला सांगितलं आज वारा फार आहे, आणि आठवड्यानं जाऊन झाकले. तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण ते माझं नव्हतं. त्या शनिवारी पडद्यावर ते दोन ठोके आले तेव्हा दुसऱ्या रांगेत तुझ्या आईच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. इंजिन बंद, गाडी उभी, आणि बाईचा पाय ब्रेकवर घट्ट. आणि माझा हात हॉर्नवर गेला. मी झोपलो नव्हतो, बाळा. झोपेत डोकं पडलं तर हॉर्न एकदाच वाजतो, लांबच लांब. माझा कसा वाजला होता आठव. तोकडा, आणि दोनदा. तो खराखुरा हॉर्न होता, तुझ्या आयुष्यातला माझा पहिला. लोक हसले तेव्हा मी तुझ्या आईसमोर तोंड उघडायला घाबरलो आणि त्यांच्यात हसलो, आणि शेवटी गप्प बसून तुला अर्धंच खरं सांगितलं. उरलेलं अर्धं हे. ती चार मिनिटं तू कुणाची गिरवलेली नाहीत. कपाटातली गोष्ट त्याच डब्याची आहे ना? मग ती बाहेर काढ. शाफ्टवरचे पत्रे मी उचलतो, पोशाख लागला तर वासोची सुई अजून चालते, आणि ऑक्टोबरात पडदा उभा असेल. पत्र मिळालं की बोलायला नको, मला तरी कुठं फोनवर बोलता येतं. तीनदा वाजू दे आणि ठेवून दे. मी फोनपाशीच बसलेला असेन. लगेच तुझा फोन दोनदा वाजवीन.

तुझाच,
मानोली काका